हजेरीपटातील तिसरा रकाना

सरकारी कचेरीचा दिवस हजेरीपटाने सुरू होतो. बेळगावच्या एखाद्या मोठ्या कार्यालयात आज त्या वहीची जागा बोट टेकविण्याच्या यंत्राने घेतली असेल, निपाणी-चिकोडीकडील एखाद्या लहान कचेरीत अजून जाड पुठ्ठ्याची वही असेल. परंतु दोहोंमागील काम एकच. माणूस कामावर आला की नाही, त्याचे पद कोणते, वेतनश्रेणी कोणती, तो पुरुष की स्त्री, इतक्या गोष्टी तेथे आधीच लिहिलेल्या असतात आणि त्यांवरूनच महिनाअखेर पगारपत्रक तयार होते. अशा सहस्रावधी पगारपत्रकांची वर्षाकाठी बेरीज झाली म्हणजे राज्याच्या सेवेत इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, यांचे सरासरी वेतन इतके, त्यांचे तितके, असे कोष्टक आपल्यापुढे येते. आज मला बोलावयाचे आहे ते या कोष्टकातील एका उणिवेविषयी. जी व्यक्ती स्वतःस पुरुषही म्हणवीत नाही आणि स्त्रीही म्हणवीत नाही, किंवा जन्मवेळी जे लिंग लिहिले गेले त्याहून निराळे आपले मानते, तिची नोंद या कोष्टकात कशी व्हावी, आणि मुळात व्हावी काय?

ज्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांच्यासाठी सगळे नमुने कशास बदलावयाचे, असे कोणी म्हणेल. इतरत्र हा आक्षेप खोडून काढण्यास बराच वेळ खर्ची घालावा लागेल. सीमाभागातील माणसास मात्र रकान्याचे महत्त्व फारसे समजावून सांगावे लागू नये. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथील वादांत जनगणनेतील मातृभाषेच्या रकान्याने किती भाग घेतला हे आपण जाणताच. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्यांचे प्रमाण शेकडा १५ वा अधिक, तेथे सरकारच्या महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत निघावेत, असा संकेत ठरलेला आहे. म्हणजे एखाद्या घरची भाषा गणकाने कोणत्या रकान्यात लिहिली यावर त्या घरी येणारा कागद कोणत्या भाषेत यावा हे अवलंबून राहते. भाषिक अल्पसंख्यांसाठी १९५७ साली जो आयुक्त नेमण्यात आला, त्याच्या प्रादेशिक कार्यालयांपैकी एक बेळगावातच होते. आणि त्याच्या अहवालांतही राज्याच्या नोकरभरतीत अल्पभाषकांना कितपत स्थान मिळाले ही चौकशी असते. जे मोजले जात नाही त्याची तक्रारही धड मांडता येत नाही. हा अनुभव आपल्या गाठी आहे. म्हणून प्रस्तुत प्रश्नाकडे आपण परक्या नजरेने पाहू नये, एवढीच माझी विनंती.

तथापि रकान्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोंद ही हक्कासाठी होते तशी पाळतीसाठीही होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथी लोकांसंबंधी होता. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या या भागानुसार संशयित व्यक्तींची नावे व राहण्याची ठिकाणे यांची नोंदवही ठेवली जाई, त्यांच्या मालमत्तेची माहिती मागितली जाई. स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे हा गुन्हा होता. मृत्युपत्र करण्याचा, दत्तक घेण्याचा अधिकारही नोंदलेल्या माणसास उरत नसे. १९११ च्या नव्या कायद्यातून हा भाग वगळला गेला. ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर तसेही नाही. कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात २०११ साली एक नवे कलम घालण्यात आले आणि त्यात पुन्हा तीच कल्पना अवतरली: तृतीयपंथी व्यक्तींपैकी ज्यांच्यावर विशिष्ट गुन्ह्यांचा संशय असेल त्यांची नावे-पत्ते लिहिलेली नोंदवही. हे कलम उच्च न्यायालयात आव्हानित झाले, आणि २०१६ साली त्यातील या समाजाचा निर्देश काढून त्या जागी केवळ ‘व्यक्ती’ असा शब्द घालण्यात आला. तेव्हा सरकारी माणूस वही घेऊन दारी आला आणि म्हणाला, ‘तुमची नोंद करावयाची आहे,’ तर या समाजातील वृद्ध माणसे दार लोटून घेतात, यात नवल कसले? त्यांचे भय अडाणीपणातून आलेले नाही. ते अनुभवातून आलेले आहे.

या पार्श्वभूमीवर १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणी जो निकाल दिला, त्याने नोंदीचा अर्थच पालटला. आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला, हे तत्त्व त्या निकालात मांडले गेले. आणि शिक्षणात व सरकारी नोकरीत या समाजास मागासवर्गीय म्हणून आरक्षण द्यावे, असाही आदेश राज्यांना दिला गेला. आदेश झाला, पण वर्षे लोटली. कर्नाटकात २०२० साली राखीव पोलीस दलातील शिपायांची भरती निघाली तेव्हा अर्ज केवळ पुरुष व स्त्रिया यांच्याकडूनच मागविले गेले होते. बंगळूरच्या ‘संगमा’ या संस्थेने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या प्रकरणाच्या ओघात जुलै २०२१ मध्ये राज्य सरकारने आपल्या १९७७ च्या सेवाभरती नियमांत दुरुस्ती केली. सरळ सेवाभरतीतील शेकडा १ जागा तृतीयपंथी उमेदवारांस राखून ठेवावयाच्या आणि अर्जात पुरुष व स्त्री यांच्या जोडीस ‘इतर’ असा तिसरा रकाना ठेवावयाचा, असे त्यात ठरले. असा नियम करणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय असावा यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला खडसवावे लागले. या एका बाबतीत तरी सीमेच्या या बाजूस कागद आधी तयार झाला, हे मान्य केले पाहिजे.

आता हा शेकडा एकचा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते थोडे विस्ताराने पाहू, कारण आकडेवारीची खरी गरज तेथेच उघड होते. हे आरक्षण समांतर आहे. म्हणजे अनुसूचित जातींच्या शंभर जागा असतील तर त्यांतील एक, खुल्या वर्गाच्या शंभर असतील तर त्यांतील एक, अशी ही जागा प्रत्येक वर्गाच्या आत बसते. शंभराहून कमी जागांची भरती असेल तर एक पूर्ण जागा निघणेही कठीण. आणि नियमातच पुढे असे म्हटले आहे की पात्र तृतीयपंथी उमेदवार न मिळाल्यास ती जागा त्याच वर्गातील पुरुष अथवा स्त्री उमेदवाराने भरावी. तरतूद व्यवहार्य आहे. पद वर्षानुवर्षे रिकामे ठेवून कोणाचे हित होत नाही. परंतु तिचा परिणाम पाहा. राखीव जागा भरली गेली नाही याची कारणे अनेक असू शकतात. कोणी अर्जच केला नसेल. अर्ज केला असेल पण परीक्षेत मागे पडला असेल. परीक्षेत उत्तीर्ण होऊन दाखला नसल्यामुळे बाद झाला असेल. किंवा अर्जाच्या नमुन्यात तिसरा रकानाच छापलेला नसेल आणि उमेदवाराने नाइलाजाने ‘पुरुष’ असे लिहून टाकले असेल. कागदावर मात्र या चारही गोष्टी एकाच वाक्यात मावतात: ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही.’ ज्या खात्याने मनापासून शोध घेतला ते आणि ज्याने विचारलेच नाही ते, दोन्ही खाती अहवालात सारखीच दिसतात.

२०२२ साली राज्यात पदवीधर प्राथमिक शिक्षकांच्या १५,००० जागांची भरती झाली. तिच्या निवडयादीत ३ तृतीयपंथी उमेदवार होते. बातमी आनंदाची होती आणि वृत्तपत्रांनी ती ठळकपणे दिलीही. शेकडा एकच्या हिशेबाने ही संख्या १५० व्हावयास हवी होती. पण एवढ्यावरून लगेच ‘अन्याय’ असा निष्कर्ष काढणेही उतावीळपणाचे होईल. अर्ज करणारेच जेमतेम दहा होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. म्हणजे साखळीची कडी परीक्षेच्या दालनात तुटलेली नसून त्याच्या पुष्कळ आधी, शाळेत, महाविद्यालयात, कदाचित घराच्या उंबरठ्यावरच तुटलेली होती. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या वर्गातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५६ च्या आसपास आढळले. सर्व लोकसंख्येचे ते ७३ च्या घरात होते. अर्ज किती, पात्र किती, निवडलेले किती, रुजू झालेले किती आणि पाच वर्षांनंतर सेवेत उरलेले किती, असे पाच आकडे ओळीने मांडले तर उपाय कोठे करावयाचा हे आपोआप दिसते. केवळ अखेरचा एक आकडा मांडला तर दोन पक्षांना वाद घालण्यास साधन मिळते, इतकेच.

येथे वेतनाचा प्रश्न येतो. सरकारी नोकरीत वेतन पदाला असते, माणसाला नसते. कनिष्ठ कारकुनाची श्रेणी तो कोण आहे हे पाहून बदलत नाही. मग वेतनाच्या आकडेवारीत लिंगाची नोंद हवी कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की श्रेणी समान असली तरी श्रेणीत कोण कोठे बसला आहे हे समान नसते. बढती कोणास लवकर मिळाली, वेतनवाढ कोणाची अडली, कायम पदावर कोण आणि रोजंदारीवर कोण, यांतून सरासरीत फरक पडतो. स्त्रियांच्या बाबतीत हे आता सर्वमान्य झाले आहे. इंग्लंडात २०१७ पासून अडीचशे वा अधिक नोकर असलेल्या मालकांस स्त्री-पुरुषांच्या वेतनातील अंतर दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते, आणि तेही दोन प्रकारे: एक सरासरीने व दुसरे मध्यकाने, म्हणजे सर्वांना वेतनाच्या क्रमाने उभे केल्यावर नेमका मधोमध जो येईल त्याच्या वेतनाने. चार-दोन बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराने सरासरी फुगते. मध्यक सहसा फुगत नाही. मौजेची गोष्ट अशी की तेथेही जे नोकर स्वतःस स्त्री वा पुरुष म्हणवीत नाहीत त्यांना या गणितातून वगळण्याची मुभा मालकांना दिलेली आहे. म्हणजे विलायतेतील रकानेही अद्याप दोनच.

वगळणे वा दुसऱ्या वर्गात मिसळणे याने काय होते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका कार्यालयात ६९ पुरुष आहेत, त्यांचे सरासरी वेतन ५०,००० रुपये. ३० स्त्रिया, सरासरी ४४,०००. आणि एक तृतीयपंथी व्यक्ती, रोजंदारीवर, महिना २०,०००. या व्यक्तीस पुरुषांत मिसळले तर पुरुषांची सरासरी ४९,५७१ होते. चारशे-सव्वाचारशे रुपयांचा हा फरक वरिष्ठांच्या नजरेसही येणार नाही. पुरुषांच्या आकड्याचे काही बिघडले नाही, स्त्रियांच्या आकड्याचे तर मुळीच नाही. बिघडले ते त्या एका व्यक्तीचे: तिचे वीस हजार कोष्टकातून नाहीसे झाले. हे केवळ कल्पनेत घडते असेही नव्हे. २०११ च्या जनगणनेत प्रथमच पुरुषास १, स्त्रीस २ व इतरांस ३ असे तीन संकेतांक दिले गेले, आणि तरीही सर्वसाधारण कोष्टकांत ‘इतर’ वर्गाची संख्या पुरुषांच्या संख्येतच सामावून घेतली गेली. तिची वेगळी तक्ती मागाहून निघाली.

समान वेतनाच्या कायद्यानेही पूर्वी दोनच वर्ग ओळखले होते. आपल्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांना १९७६ चा समान वेतन कायदा परिचित असेल. त्या कायद्याखालच्या नियमांनी मालकाने ठेवावयाच्या नोंदवहीचा नमुनाच ठरवून दिला होता: कामाचा प्रकार, त्यावर पुरुष किती, स्त्रिया किती, वेतनाचा दर काय. स्त्रियांचा आकडा वेगळा लिहिण्याची सक्ती झाली म्हणूनच पुढे त्यावर बोट ठेवता आले. वेतनविषयक नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. नव्या संहितेत ‘पुरुष व स्त्री’ या शब्दांऐवजी लिंगाच्या कारणावरून वेतनात भेद करू नये, असा व्यापक शब्दप्रयोग आहे. कायद्याची भाषा रुंदावली. नोंदवहीचे रकाने मात्र जेथल्या तेथे राहिले तर त्या रुंदीचा उपयोग होणार नाही.

येथवर नोंद का हवी हे पाहिले. ती कशी घ्यावी हा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यात चुका करणाऱ्यांत मोठमोठी राष्ट्रे आहेत. २०११ च्या आपल्या जनगणनेत ‘इतर’ या वर्गात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली. कर्नाटकात २०,२६६ आणि महाराष्ट्रात ४०,८९१. यांपैकी ५४,८५४ ही सहा वर्षांपर्यंतची बालके होती. आता सहा वर्षांच्या आतील मुलाने गणकास आपली ओळख काय सांगितली असेल? सांगितले ते घरातील वडीलधाऱ्यांनी. त्याच न्यायाने, घरातील वीस-बावीस वर्षांच्या मुलाने वा मुलीने जे अजून घरी सांगितलेलेच नाही, ते गणकाच्या वहीत येणे शक्य नव्हते. जनगणना खात्याने स्वतःच स्पष्ट केले होते की हा आकडा तृतीयपंथीयांचा म्हणून समजू नये. काहींनी स्वेच्छेने ‘इतर’ लिहविले असेल, आणि अनेक तृतीयपंथीयांनी पुरुष वा स्त्री असेच सांगितले असेल. खात्याची ही तळटीप फारशा कोणी वाचली नाही. आकडा मात्र भाषणाभाषणांतून फिरला.

इंग्लंड व वेल्समधील अनुभव तर आपल्यासारख्या दुभाषी प्रदेशाने मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. तेथील २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील सर्वांना ऐच्छिक प्रश्न विचारला गेला. त्याचा आशय असा: आपण स्वतःचे म्हणून जे लिंग मानता ते जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळते काय? सुमारे साडेचार कोटींहून अधिक लोकांनी उत्तर दिले आणि २,६२,००० जणांनी ‘नाही’ म्हटले. पण पुढे असे दिसून आले की ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण लंडनच्या न्यूहॅम, ब्रेंट अशा भागांत सर्वांत अधिक आहे, जेथे ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही असे लोक मोठ्या संख्येने राहतात. प्रश्नाची वाक्यरचना कित्येकांना उमगलीच नव्हती, असा संशय बळावला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या आकड्यांचा प्रमाणित आकडेवारीचा दर्जा काढून घेण्यात आला. प्रश्न विचारणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. ज्यांच्या भाषेत तो विचारला त्यांच्यासाठीच तो लिहिला गेला होता, ही खोट होती.

बेळगाव जिल्ह्यात अर्ज कानडीत छापलेला असतो, भरणारा अनेकदा मराठीत विचार करतो, आणि समजावून सांगणारा कारकून दोन्ही भाषांची सरमिसळ करतो. मराठीत काय वा कानडीत काय, ‘लिंग’ हा एकच शब्द शरीराच्या ठेवणीस आणि माणसाच्या ओळखीस लावला जातो. ‘लिंगभाव’ हा शब्द विद्वानांच्या लेखांतून अद्याप रस्त्यावर उतरलेला नाही. ‘इतर’ या शब्दाची कथा आणखी निराळी. आपल्या प्रत्येक सरकारी अर्जात जात, धंदा, शिक्षण यांच्या शेवटी ‘इतर’ असतेच, आणि ज्यास उत्तर द्यावयाचे नसते तो तेथे खूण करून मोकळा होतो. म्हणून ‘सांगू इच्छीत नाही’ असा स्वतंत्र पर्याय हवा. नाही तर न सांगणारे आणि तृतीयपंथी यांची एकच मोट बांधली जाईल. आणि मग सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा येतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भाविकांना हे परिचित आहेत. लुगडे नेसणारे, डोक्यावर देवीचा जग घेणारे जोगते स्वतःची ओळख देवीच्या नात्याने सांगतात. त्यांच्यापुढे ‘पुरुष, स्त्री, इतर’ असा कागद ठेवला तर एक जण एके ठिकाणी व दुसरा दुसऱ्या ठिकाणी खूण करील, आणि दोघेही खरेच सांगत असतील. याच परंपरेतील बळ्ळारी भागातील मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उलट, स्त्री म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःस पुरुष मानणाऱ्या व्यक्तीस आपल्या परंपरेत नावच नाही. तिला ‘तृतीयपंथी’ म्हटले तर ती मान डोलावील याचीही खात्री नाही. कॅनडाने २०२१ च्या जनगणनेत जन्मवेळचे लिंग आणि आजची ओळख असे दोन सोपे, सुटे प्रश्न विचारले व पंधरा वर्षांवरील १,००,८१५ व्यक्तींची नोंद मिळविली. इंग्लंडात मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राध्यापिका सलिव्हन यांच्या अहवालाचेही म्हणणे असेच की या दोन गोष्टी एका प्रश्नात कोंबू नयेत. या अहवालातील इतर काही शिफारशींवर तीव्र मतभेद आहेत. दोन सुट्या प्रश्नांचा मुद्दा मात्र मला पटतो. स्त्रियांच्या वेतनाचा हिशेबही त्यामुळे निर्दोष राहतो.

यानंतर एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण त्याच्या अभावी बरीच गडबड होते. आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी करावयाची नोंद निराळी आणि मोजणीसाठी करावयाची नोंद निराळी. पहिलीस पुरावा लागतो; २०१९ च्या कायद्याने त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची व्यवस्था केली. जागा मिळते तेथे दाखला मागणे समजण्यासारखे आहे. पण मोजणीत कोणास काही मिळावयाचे नसते. तेथे दाखला मागितला तर जे दाखला काढण्याइतके धीट आहेत तेवढेच मोजले जातील, आणि जे बारा वर्षे त्याच कचेरीत ‘पुरुष’ म्हणून मुकाट्याने नोकरी करीत आहेत ते अदृश्यच राहतील. म्हणून मोजणीची नोंद व्यक्तीच्या स्वतःच्या सांगण्यावर व्हावी, ऐच्छिक असावी, आणि सेवापुस्तकात मुळीच असू नये. सेवापुस्तक किती हातांतून जाते! आस्थापनेचा कारकून, लेखापाल, बदलीच्या गावचा कारकून, कोषागार. चहाच्या टपरीपर्यंत त्यातील मजकूर पोचावयास फार वेळ लागत नाही.

प्रसिद्धीतही असाच धोका आहे. एखाद्या तालुका कचेरीत एकूण १४ नोकर, पुरुष ८, स्त्रिया ५ असे छापले आणि तिसरा रकाना सभ्यपणे कोरा ठेवला, तरी वजाबाकी चौथीतल्या मुलासही येते. त्या गावात त्या एका माणसास ओळखण्यास मग नाव छापण्याची गरज उरत नाही, आणि त्याच्या वेतनाचा आकडाही सर्वांस ठाऊक होतो. संख्याशास्त्राच्या जाणकारांनी यावर तोड काढलेली आहे: ठराविक मर्यादेहून लहान, समजा पाचाहून कमी, असा आकडा छापावयाचा नाही, आणि वजाबाकीने तो निघू नये म्हणून शेजारचा आणखी एक आकडाही झाकावयाचा. याने कोष्टक जरा बोडके दिसते. पण निपाणीचा आकडा न छापता तो बेळगाव जिल्ह्यात मिळवावा, जिल्ह्याचाही लहान असेल तर विभागात, आणि वेतनाचा मध्यक फक्त राज्याच्या पातळीवर द्यावा, असे केले तर नियमाची अंमलबजावणी तपासता येते व माणूसही झाकलेला राहतो.

आणखी एक वर्ग या सर्व हिशेबांतून निसटतो तो कंत्राटी कामगारांचा. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ‘ग्रीन मार्शल’ म्हणून काम दिले. कोची मेट्रोने २०१७ साली आरंभीच वीसहून अधिक जणांस घेतले. कोचीत त्यांतील काहींना राहावयास खोलीच मिळेना, म्हणून अल्पावधीत नोकरी सोडावी लागली. रुजू झाल्याच्या दिवशीच्या आकड्यात ते होते, वर्षअखेरच्या आकड्यात नव्हते. ज्या कोष्टकात केवळ कायम पदे धरली जातात आणि केवळ ३१ मार्चची स्थिती लिहिली जाते, त्यात अशा माणसांचे येणेही नाही आणि जाणेही नाही. म्हणून ठेकेदाराकडून येणाऱ्या वेतनपटासही हाच नमुना लावावा, आणि नोकरी सोडणाऱ्यांची संख्या व कारण यांसाठी वेगळी ओळ असावी.

राहता राहिला प्रश्न सेवेत असतानाच नाव व लिंग बदलणाऱ्या व्यक्तीचा. ज्येष्ठतायादीत तिचे नाव नव्याने लिहिताना नेमणुकीची मूळ तारीख तीच राहिली पाहिजे, वेतनवाढीचा महिना तोच राहिला पाहिजे, आणि निवृत्तिवेतनासाठी मागची वर्षे अखंड धरली गेली पाहिजेत. मागील वर्षांची प्रसिद्ध कोष्टके बदलू नयेत. ती त्या त्या वर्षी जे सांगितले गेले त्याची नोंद आहेत. जुन्या नावाचा नेमणूक-हुकूम मोहोरबंद पाकिटात सेवापुस्तकास जोडावा, आणि ते पाकीट कोणी, केव्हा व कशासाठी उघडले हे पाकिटावरच लिहून खाली सही करावी.